ओसरीवरून : घर तारण ठेवावें काय?

गेल्या गणेशचतुर्थीस आमच्या सांगलीच्या घरीं सारें कुटुंब जमलें होतें. थोरले बंधु व वहिनी, धाकट्या बंधूंची मंडळी, सुना, नातवंडें अशीं एकंदर २२ पानें मांडलीं होतीं. मोदकांवर तुपाची धार पडत असतांना थोरल्या बंधूंच्या मुलानें, म्हणजे आमच्या पुतण्यानें, मान वर न करतां सांगितलें, "बाबा, मी पुढच्या महिन्यांत राजीनामा देणार आहें. स्वतःची कंपनी काढायची आहे." पंगत क्षणभर स्तब्ध झाली. वहिनींच्या हातांतील तुपाचें भांडें तसेंच राहिलें. दादा कांहींच बोलले नाहींत. आणि दादा बोलत नाहींत तेव्हांच घरांतील सर्वांस अधिक भीति वाटते.

हा मुलगा पुण्यास एका संगणक-कंपनींत नऊ वर्षें आहे. पगार उत्तम, हुद्दा उत्तम. लग्न होऊन चार वर्षें झालीं, पदरीं दोन वर्षांची मुलगी. त्यास हवें होतें काय, तर आम्हां तिघां बंधूंच्या नांवें असलेलें हें वडिलार्जित घर बँकेकडे तारण ठेवून २५ लक्ष रुपये. जेवणें आटोपल्यावर दादा ओसरीवर आले आणि आम्हांस एवढेंच म्हणाले, "तूं मास्तर. पोरांना तूं ओळखतोस. दिवाळीपर्यंत त्याच्याशीं बोल आणि काय तें मला सांग."

वाचकहो, आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढें पाठशाळेंत संस्कृत. आणि आयुष्य गेलें तें मुलांकडून विभक्ति घोकून घेण्यांत. कंपनी कशी काढतात हें आम्हांस काय ठाऊक? परंतु अज्ञान कबूल करून अभ्यासास बसणें एवढें तरी मास्तरास येतें. तेव्हां दोन महिने आम्हीं, ज्यांनीं ज्यांनीं शून्यांतून कंपन्या उभ्या केल्या त्यांच्या हकीगती मिळतील तशा वाचल्या. इंग्रजींतील कांहीं पुतण्यानेंच वाचून दाखविल्या. त्यांतून जें उमगलें तें आज सांगावयाचें आहे. कारण असा एक मुलगा किंवा अशी एक मुलगी आज पुष्कळ घरांत आहे, आणि असे दादाही पुष्कळ घरांत आहेत.

प्रथम एक इशारा. यशस्वी लोकांच्या चरित्रांत एक मोठी खोड असते. ज्यांचें तारूं बुडालें ते चरित्र सांगावयास येत नाहींत. पैलतीरास पोहोंचलेल्यांनाच विचारीत बसलें तर नदी नेहमीं उथळच वाटावयाची. म्हणून आम्हीं ह्या मंडळींच्या धाडसाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. धाडस बुडालेल्यांपाशींही होतेंच. त्यांनीं प्रत्यक्ष काय केलें, पैसा कोठून आणला, कोणाचें ऐकलें, केव्हां थांबले, एवढेंच पाहिलें.

सवयीप्रमाणें आम्हीं आरंभ शब्दापासून केला. 'उद्योग' ह्या शब्दांत 'युज्' हा धातु आहे. त्याचा अर्थ जुंपणें, आणि बैलाच्या मानेवरचें आपलें 'जूं' ह्याच कुळांतलें. 'संस्थापक' हा शब्द 'स्था' धातूच्या प्रयोजक रूपापासून आला. स्वतः उभा राहणारा तो संस्थापक नव्हे. दुसरें कांहीं तरी उभें करणारा तो संस्थापक. पुतण्यास आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो हंसला आणि म्हणाला, "काका, आमच्याकडे हल्लीं आधीं नांवापुढें 'संस्थापक' लावतात आणि मग काय उभें करायचें तें शोधतात." मुलगा निदान प्रामाणिक आहे असें आम्हांस त्या क्षणीं वाटलें.

आमच्या सांगलीहून पुण्याच्या गाडीनें निघालें कीं थोड्याच वेळांत किर्लोस्करवाडी स्टेशन लागतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. ते मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. परंतु रंग ओळखण्यांत त्यांच्या दृष्टींत दोष निघाला आणि चित्रकाराचा मार्ग खुंटला. मग यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्यास शिकले, तोच विषय शिकवूं लागले. तेथें बढतीच्या वेळीं डावलले गेले, तेव्हां नोकरी सोडून बेळगांवास आले व सायकलींचा व्यापार करूं लागले. पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करूं लागले. नांगर उत्तम होता, पण शेतकरी त्यास हात लावीना! लोखंडानें जमिनींत विष भिनेल अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर विकावयास त्यांना दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं कुंडलरोड स्टेशनाजवळ जमीन दिली व १० हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगानें भरलेल्या त्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली.

ही गोष्ट आपल्या घरांतून अनेकदां सांगितली जाते, आणि ती सांगतांना शेतकऱ्यांच्या अडाणीपणास हंसण्याची रीत आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. शेतकऱ्याजवळ एकच जमीन. ती बिघडली तर मुलेंबाळें उपाशीं. त्यानें दोन वर्षें थांबून पाहिलें हें शहाणपणच होय. विकणाऱ्यानें त्याची भीति खरी मानून ती हळूहळू घालविली पाहिजे. गिऱ्हाईक मूर्ख आहे असें ज्यास वाटतें त्यानें नांगरही विकूं नये आणि पोथीही विकूं नये.

आतां एकदम दूरच्या मुलुखांतील गोष्ट. २००७ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत सॅन फ्रॅन्सिस्को येथें ब्रायन चेस्की व जो गेबिया हे दोघे मित्र एका बिऱ्हाडांत राहत. दोघेही कलाशाळेंत शिकलेले. बिऱ्हाडाचें भाडें वाढलें आणि तें देण्यास पैसे नव्हते. त्या सुमारास गांवांत एक मोठी परिषद भरली व सर्व हॉटेलें भरून गेलीं. ह्यांनीं हवा भरून फुगवितां येणाऱ्या तीन गाद्या आपल्या खोलींत टाकल्या आणि पाहुण्यांना झोंपण्यास जागा व सकाळची न्याहारी देऊं केली. तीन पाहुणे आले. ह्यांतूनच पुढें नेथन ब्लेचार्झिक ह्या तिसऱ्या भागीदारासह 'एअरबीएनबी' ही कंपनी निघाली. परक्यास घरांत झोंपूं द्यावयाचें ही कल्पना ऐकून २००८ सालीं पैसेवाल्या मंडळींनीं त्यांना नकार दिला. कांहींनीं उत्तरही दिलें नाहीं. कर्ज गळ्याशीं आलें. तेव्हां त्या वर्षीं अध्यक्षाच्या निवडणुकीची धामधूम होती ती साधून त्यांनीं उमेदवारांच्या नांवाचीं न्याहारीच्या पोह्यांसारख्या पदार्थाचीं खोकीं स्वतः चिकटवून प्रत्येकीं ४० डॉलरांस विकलीं आणि सुमारें ३० हजार डॉलर उभे केले.

परंतु आमच्या मतें त्यांच्या कथेंतील मर्म ह्या खोक्यांत नाहीं. तें पुढेंच आहे. २००९ च्या आरंभीं नव्या कंपन्यांना थोडें भांडवल व पुष्कळ सल्ला देणाऱ्या 'वाय कॉम्बिनेटर' ह्या संस्थेंत त्यांचा प्रवेश झाला. त्या वेळीं त्यांचें आठवड्याचें उत्पन्न २०० डॉलरांच्या आसपास अडकून पडलें होतें. संस्थेचे पॉल ग्रॅहम ह्यांनीं त्यांना विचारलें कीं तुमचीं गिऱ्हाइकें कोठें आहेत? हे म्हणाले, न्यूयॉर्कांत. मग तुम्ही येथें काय करतां? तेव्हां हे न्यूयॉर्कला गेले, आणि घर भाड्यानें देणाऱ्यांच्या दारोदार हिंडले. त्यांच्या ध्यानांत आलें कीं लोकांनीं आपल्या खोल्यांचीं जीं छायाचित्रें लाविलीं आहेत तीं इतकीं अंधुक आहेत कीं तीं पाहून कोणी राहावयास यावयाचा नाहीं. ह्यांनीं चांगला कॅमेरा भाड्यानें घेतला, घरोघर जाऊन स्वतः छायाचित्रें काढलीं, आणि आठवड्याचें उत्पन्न दुप्पट झालें. डिसेंबर २०२० मध्यें ह्या कंपनीचे शेअर बाजारांत आले तेव्हां पहिल्याच दिवशीं तिची किंमत १०० अब्ज डॉलरांच्या वर गेली. त्याच वर्षीं मे महिन्यांत महामारीमुळें प्रवास थांबले म्हणून सुमारें १,९०० माणसांना, म्हणजे चौघांतील एकास, नोकरीवरून कमी करावें लागलें होतें, हेंही विसरूं नये.

ही हकीगत वाचून झाल्यावर आम्हीं पुतण्यास त्याची कल्पना सविस्तर विचारली. आपल्या भागांतील द्राक्षबागाईतदार बेदाणा करून शीतगृहांत ठेवतात आणि तासगांव-सांगलीच्या बाजारांत सौद्यास काढतात. त्या बेदाण्याची नोंद व रोजचे भाव बागाईतदारास हातांतल्या मोबाइलवर दिसावेत अशी योजना त्यानें आंखली होती. कागदांवर चित्रें सुंदर होतीं. आम्हीं एकच प्रश्न केला, "अरे, किती बागाईतदारांशीं बोललास?"

तो थोडा थांबून म्हणाला, "काका, अजून एकाशींही नाहीं. पण माझ्या तीन मित्रांना कल्पना फार आवडली."

"ते मित्र बेदाणा करतात?"

"नाहीं. खातात."

त्यास आम्हीं सांगितलें कीं दिवाळीस अजून पांच आठवडे आहेत. रजा काढून तासगांवास जा, आणि विकावयाचें नांवही न काढतां नुसतें ऐकून ये. तो गेला. ते दिवस फळछाटणीचे; बागाईतदारांना उसंत नव्हती. पहिल्या आठवड्यांत कोणीं त्यास बांधावर उभेंही केलें नाहीं. मग त्यानें एका अडत्याच्या पेढींत बसून पट्ट्या लिहून देण्याचें काम पत्करलें, आणि संध्याकाळीं बागांत जाऊं लागला. परत आला तेव्हां त्याची मूळ योजना अर्धीअधिक मोडली होती. म्हणाला, "काका, भाव त्यांना माझ्या आधीं ठाऊक असतो, फोनवर एकमेकांना विचारतात. त्यांची झोंप उडते ती दुसऱ्याच गोष्टीनें. माल विकल्यावर पैसे नक्की कोणत्या तारखेस येणार, आणि वजनांत तूट किती व कां धरली, हें एके ठिकाणीं लिहिलेलें मिळत नाहीं." त्यानें सोळा बागाईतदारांसाठीं साध्या वहींत हातानेंच तशी नोंद ठेवून पाहिली. पांच जण म्हणाले, हें रोज मिळत असेल तर आम्ही पैसे देऊं. २५ लक्ष रुपये घेऊन जें चुकीचें बांधलें गेलें असतें तें चाळीस रुपयांच्या वहीनें उघड केलें!

अशीच एक गोष्ट आपल्या पुण्याची, आणि आम्हां मॅट्रिकवाल्यांना जरा अभिमान वाटण्याजोगी. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर ह्यांनीं दहावीनंतर शाळा सोडली व पुण्यास रेडिओ आणि हिशेबाचीं यंत्रें दुरुस्त करूं लागले. पुढें संगणक दुरुस्त करूं लागले, तेव्हां एकाच तऱ्हेची तक्रार पुनः पुनः येऊं लागली: यंत्रांत 'व्हायरस' शिरला आहे. धाकटे बंधु संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनीं त्यावर उतारा लिहिला. ह्यांतून १९९० नंतरच्या दशकांत 'क्विक हील' हें नांव झालें, आणि २०१६ सालीं ह्या कंपनीचे शेअर बाजारांत आले. येथें कल्पना कोणीं शोधावयास गेलें नाहीं. दुकानाची पायरी चढून दुखणेंच आलें, आणि दुकानदारानें तें नीट ऐकलें. शिवाय एक भाऊ दुकान संभाळणारा व एक भाऊ विद्येचा, अशी जोडी होती. एकत्र कुटुंबाचा असाही एक उपयोग असतो.

भागीदारीचा विषय निघाला तेव्हां मात्र आमचा गळा थोडा दाटला. त्याचें कारण पुढें येईल. आधीं एक सुप्रसिद्ध उदाहरण. नारायण मूर्ति ह्यांची पहिली कंपनी चालली नाहीं. ती बंद करून ते पुण्यास नोकरीस लागले. १९८१ सालीं त्यांनीं व सहा सहकाऱ्यांनीं मिळून पुण्यांतच 'इन्फोसिस' काढली. भांडवल १० हजार रुपये, आणि ते मूर्तींच्या पत्नी सुधा ह्यांनीं आपल्या बचतींतून दिलेले. १९८३ सालीं ही मंडळी बंगलोरला गेली. त्या काळीं परदेशांतून एक संगणक मागवावयाचा तर सरकारी परवान्यांसाठीं वर्षानुवर्षें खेटे घालावे लागत. नऊ वर्षें अशीं गेल्यावर १९९० सालीं कोणीं तरी सारी कंपनी १० लक्ष डॉलरांस विकत घेण्याची तयारी दाखविली. भागीदारांपैकीं एक जण तत्पूर्वींच निघून गेले होते. राहिलेल्यांत विकावें असा सूर निघाला. त्या बैठकींत मूर्ति म्हणाले कीं ज्यांना विकावयाचें असेल त्यांचे भाग मी घेतों. तेव्हां सर्वच राहिले. १९९३ सालीं शेअर विक्रीस काढले तर लोकांनीं पुरते घेतलेही नाहींत. आणि १९९९ सालीं हीच कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारांत नोंदली जाणारी पहिली भारतीय कंपनी ठरली.

ह्या कथेंत लोकांना शेवटचे आंकडे दिसतात. आम्हांस ती १९९० ची बैठक दिसते. भागीदारांची परीक्षा पैसा नसतांना होत नाहीं; थोडासा पैसा दिसूं लागला म्हणजे होते. त्या दिवशीं 'तूं काय म्हणालास आणि मी काय समजलों' असा वाद घालण्याची पाळी येऊं नये, एवढी सोय पहिल्याच दिवशीं केली पाहिजे.

आतां आमची गोष्ट. १९९१ सालीं आम्हीं व शाळेंतील एका सहशिक्षकांनीं मिळून लहानसा छापखाना काढला. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका व संस्कृत व्याकरणाची एक मार्गदर्शिका छापावी असा बेत होता. भांडवलासाठीं आमच्या कुटुंबाच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या. भागीदारीचा कागद केला नाहीं. मित्रांमध्यें कागद कसला करावयाचा, असा अभिमान होता. यंत्र घेतलें तें जुन्या पद्धतीचें, खिळे जुळविण्याचें. आणि त्याच सुमारास गांवांत नवीं ऑफसेट यंत्रें येऊन स्वस्त व सुबक छपाई करूं लागलीं. तीं आलेलीं आम्हांस दिसत होतीं. पण 'आपला व्यवहार सचोटीचा, गिऱ्हाईक परत येईल' असें म्हणत आम्ही तीन वर्षें बसून राहिलों. शेवटीं यंत्र भंगारांत गेलें. आणि कोणाचे किती गेले ह्यावरून त्या मित्राचा व आमचा अबोला झाला, तो अकरा वर्षें टिकला. त्यांचा दोष आम्ही सांगत नाहीं. दोष कागद न करणाऱ्या दोघांचाही होता.

केव्हां सोडावें हें न कळल्यामुळें आमचीं तीन वर्षें गेलीं. म्हणूनच स्टुअर्ट बटरफील्ड ह्यांची हकीगत आम्हीं दोनदां वाचून घेतली. हे गृहस्थ तत्त्वज्ञानाचे पदवीधर. त्यांनीं संगणकावर खेळावयाचा एक खेळ काढला, तो चालला नाहीं. पण त्यांतून छायाचित्रें साठविण्याची 'फ्लिकर' ही सोय निघाली व ती २००५ सालीं याहू कंपनीनें घेतली. त्यांनीं पुन्हा कंपनी काढून 'ग्लिच' नांवाचा खेळ केला, तोही चालेना. पैसा शिल्लक असतांनाच त्यांनीं २०१२ सालीं तो बंद केला, खेळणाऱ्यांचे पैसे परत देऊं केले आणि ज्यांना काढावें लागलें त्यांना दुसऱ्या नोकऱ्या मिळवून देण्यासाठीं झटले. मग उरलेल्या मंडळींच्या ध्यानांत आलें कीं आपापसांत निरोपांसाठीं जें साधन आपण सहज केलें होतें तेंच इतर कचेऱ्यांना हवें असेल. तेंच 'स्लॅक', २०२१ सालीं २७ अब्ज डॉलरांहून अधिक किंमतीस सेल्सफोर्स कंपनीनें तें घेतलें. दैव आहेच, पण दैव येईतों हातांत चार पैसे व चार माणसें शिल्लक होतीं, कारण वेळीं थांबण्याचा विवेक होता. चिकाटी आणि हट्ट ह्यांचा चेहरा सारखा असतो. चिकाटीचा मनुष्य ध्येय सोडीत नाहीं, पण रस्ता सोडतो. हट्टी मनुष्य रस्ताच कवटाळून बसतो.

आणि एक भयंकर उदाहरण सांगितल्याविना हा विषय पुरा होत नाहीं. अमेरिकेंतील एलिझाबेथ होम्स ह्या मुलीनें २००३ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं, 'थेरानोस' कंपनी काढली. बोटांतील रक्ताच्या चार थेंबांवरून शेंकडों तपासण्या करूं, असें तिचें म्हणणें होतें. मोठमोठे लोक भुलले. कंपनीची किंमत ९ अब्ज डॉलर धरली गेली. यंत्र मात्र तसें काम करीत नव्हतें. २०१५ सालीं एका वृत्तपत्रानें हें उघडकीस आणलें, २०१८ सालीं कंपनी बुडाली, आणि २०२२ सालीं तिला ११ वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली. पंचतंत्रांत सातूच्या पिठाचें मडकें उशाशीं टांगून संसार रंगविणारा ब्राह्मण आहे. त्यानें लाथ मारली तेव्हां पीठ स्वतःचेंच सांडलें. येथें मडकें दुसऱ्यांचें होतें, आणि त्यांत रोग्यांचा जीव होता. उद्यां होईल अशी आशा बाळगणें हा उद्योगाचा प्राण आहे. आज झालें आहे असें सांगणें हा गुन्हा आहे. ह्या दोहोंमधील रेघ फार बारीक असते, आणि ती दररोज ओलांडण्याचा मोह होतो. पुतण्यास आम्हीं म्हटलें, "बागाईतदारास 'अजून जमलें नाहीं' हें तीन शब्द तोंडावर सांगतां येतील त्या दिवशीं तूं धंद्यास लायक झालास असें समज."

दिवाळींत, भाऊबीज झाल्यावर, दादांनीं सर्वांस ओसरीवर बोलाविलें. आम्हीं आमचें मत मांडलें: मुलानें उद्योग करावा, घर तारण ठेवूं नये. कारण घर तिघां बंधूंचें व त्यांच्या लेंकरांचें आहे. त्यांतील बहुतेकांनीं हा डाव मांडलेला नाहीं. हरण्याचा वांटा मात्र त्यांना येईल. शिवाय अजून २५ लक्षांची गरजच नाहीं. आम्हीं आमच्या भविष्यनिर्वाह निधींतून दोन लक्ष देऊं केले, बुडाले तर मागणार नाहीं ह्या बोलीवर. भागीदारीचा कागद वकिलाकडून आधीं व्हावा. आणि अठरा महिन्यांची मुदत. त्या मुदतीचा हिशेब घरांत उघडपणें व्हावा. दादा मान हालवूं लागले होते. आम्हांस वाटलें, काम फत्ते झालें.

तोंच कोंपऱ्यांतून सूनबाईंचा आवाज आला. "काका, सर्व ठीक आहे. पण अठरा महिने घर माझ्या पगारावर चालायचें आहे. मला अजून कोणीं विचारलेलें नाहीं."

ओसरी गप्प झाली. आणि त्या शांततेंत आमचें कुटुंब, जें चारचौघांत आमच्यापुढें सहसा बोलत नाहीं, तें सूनबाईंच्या शेजारीं जाऊन बसलें व आमच्याकडे पाहून म्हणालें, "तिचें बरोबर आहे. माझ्या पाटल्या गेल्या त्याचें मला दुःख झालें नाहीं. त्या मोडायला नेतांना तुम्ही मला सांगितलेंत, अहो, विचारलें नाहींत. त्याचें मात्र आजवर आहे."

वाचकहो, आम्हीं दोन महिने अमेरिकेपासून किर्लोस्करवाडीपर्यंत धुंडाळलें, मूर्तींच्या कंपनीचे १० हजार रुपये कोणाच्या बचतींतून आले हें स्वतः वाचलें, ते दादांना वाचूनही दाखविलें. आणि तरी सूनबाईंना विचारण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें. तीस वर्षांपूर्वींची चूक तशीच्या तशी दुसऱ्यानें करावी अशी व्यवस्था आमच्याच सल्ल्यानें होत होती. त्या रात्रीं आम्हीं कुटुंबाची क्षमा मागितली. त्यांनीं एवढेंच म्हटलें, "आतां झोंपा. फार उशीर झाला." तो उशीर रात्रीचा कीं तीस वर्षांचा, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

सूनबाईंनीं दुसऱ्या दिवशीं आपल्या अटी कागदावर लिहून दिल्या. मुलीच्या नांवच्या ठेवीस हात लागणार नाहीं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं जमाखर्च तिला दाखवावा. आणि मुदत संपली तर 'आणखी थोडेच दिवस' हे शब्द निघूं नयेत. ह्या अटी आमच्या अटींहून अधिक शहाण्या होत्या. पुतण्यानें सही केली. दादांनीं साक्ष घातली.

आज त्या गोष्टीस सात महिने झाले. पैसे देणारे बागाईतदार पांचांचे एकोणचाळीस झाले आहेत. खर्च निघण्यास अजून अंतर आहे. मधल्या काळांत एक मोठा अडत्या चिडून ह्यास पेढींत पाऊल ठेवूं देईनासा झाला, आणि मुलगा आठ दिवस अन्नावर वासना नसल्यासारखा बसला होता. मग दुसऱ्या पेढीची पायरी चढला. अठरा महिन्यांच्या अखेरीस काय होईल, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. कदाचित् तो पुन्हा नोकरीस लागेल. लागला तर ह्या घरांत त्यास कोणी हिणवूं नये, एवढें वचन आम्हीं सर्वांकडून आधींच घेऊन ठेवलें आहे. कारण परत येण्याची वाट उघडी असली म्हणजेच माणूस सरळपणें पुढें जातो, आणि वेळीं थांबण्यासही लाजत नाहीं.

आपल्या घरांत असा प्रश्न आला तर वडील मंडळींनीं एकदम 'नाहीं' म्हणूं नये, आणि कौतुकानें घराच्या किल्ल्याही हातीं देऊं नयेत. मुलास आधीं गिऱ्हाइकाच्या दारीं धाडावें. मित्रांचा कागद करवून घ्यावा. जेवढें बुडालें तर पानांतला वरणभात कमी होणार नाहीं तेवढेंच द्यावें, आणि तें मोकळ्या मनानें द्यावें. आणि सर्वांत आधीं, ज्या माऊलीच्या पगारावर किंवा पाटल्यांवर हा यज्ञ मांडावयाचा आहे तिला विचारावें. सांगूं नये, विचारावें.